आवाजाचे चाक बिघडल्यास घ्यावयाची काळजी

हेडसेटच्या वायरवरील आवाजाचे चाक फिरवताच खरखर होत असेल, डावा कान मुका पडत असेल आणि चाक केसभर पुढे सरकताच कानठळ्या बसत असतील, तर प्रथम स्वतःच्या श्रवणशक्तीविषयी शंका घ्यावी. ग्राहक सेवेची पहिली शंका तीच असते.

संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

मग ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारे संगणकातील सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घालावा. ३.५ मिमी पिनेच्या साध्या हेडसेटला स्वतःचा ड्रायव्हरच नसतो, हे फोनवरील व्यक्तीला सांगण्याचा उद्धटपणा करू नये, कारण तिच्यापुढील यादीत ती पायरी आहे. कॉल येताच इतर आवाज ८० टक्के कमी करण्याची विंडोजमधील सोयही आज्ञाधारकपणे बंद करावी. खरखर अर्थातच राहील. चाकाच्या आत कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावरून सरकणारी धातूची पत्ती असते. पट्टा झिजला किंवा त्यावर धूळ बसली की संपर्क तुटतो, आणि दोन कानांसाठी दोन स्वतंत्र पट्टे असल्यामुळे एकच कान जातो. गेल्या आठवड्यात मी हे सांगू लागलो, तेव्हा ‘सर, हेडसेट दुसऱ्या मोबाइलला लावून पाहिला का?’ असे विचारण्यात आले. पाहिला होता. मोबाइल बदलला की झिजलेला कार्बन पुन्हा उगवतो, अशी त्या यादीच्या कर्त्याची श्रद्धा असावी! चाकाचे नाव काढले की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती.

सेवा केंद्रात गेल्यावर चाकाची डबी उघडून पाहण्याचा आग्रह धरू नये. वॉरंटी वर्षभराची असली तरी वापराने झालेली झीज तिच्यात बसत नाही, आणि आवाज कमीजास्त करण्यासाठी आवाजाचे चाक फिरवणारा ग्राहक निष्काळजीच ठरतो.

पुरे झाला हा सभ्यपणा. आतला तो पॉट, म्हणजे पट्टा आणि पत्ती असलेला सुटा भाग, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतो, पण बसवणार कुठे? डबीला स्क्रूच नाहीत, ती चिकटवलेली आहे. दोन स्क्रूंचे पैसे वाचवून अख्खा हेडसेट कचऱ्यात घालायला लावणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. आणि खोके उघडल्याच्या दिवशी पाच तारे देऊन, बिल फेकून, सहा महिन्यांनी तोच हेडसेट निमूटपणे पुन्हा मागवणाऱ्या तुम्हालाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तुम्ही एकदा तरी फिरवला आहे का?