हंबली बेग टु स्टेट

गटार तुंबलं की बेळगावातल्या मराठी माणसापुढं पहिला प्रश्न घाणीचा नसतो, भाषेचा असतो. अर्ज कशात लिहायचा?

मराठीत लिहायला हरकत काहीच नाही. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडायची मुभा घटनेच्या ३५० व्या कलमानं तुम्हाला दिलेली आहे. ती मुभा घेऊन खिडकीपाशी जा. आतला माणूस तुमच्याशी दोन मिनिटं फर्मास बेळगावी मराठीत बोलेल, "पाऊस लईच लागलाय की ह्या खेपेला" म्हणेल, आणि कागदावर नजर पडल्याबरोबर "कन्नडदल्ली बरीरी" म्हणत तो तुमच्याकडं परत सरकवेल. बरं, कन्नडमध्ये लिहावं, तर रविवार पेठेत घासाघीस करण्याइतकं कन्नड तुम्हाला झकास येतं, पण लिहायला बसलात की पहिल्याच जोडाक्षराला घाम फुटतो. म्हणून मग इंग्रजी. ती खिडकीच्या अलीकडं कुणाची नाही आणि पलीकडंही कुणाची नाही. दोघांची सारखीच पंचाईत. सीमाभागात इतका समान न्याय दुसऱ्या कशात मिळत असेल तर सांगा.

तर आता हा इंग्रजी अर्ज असा लिहायला शिका की वाचणाऱ्याला तुमच्या विद्वत्तेबद्दल आदर वाटेल आणि गटाराबद्दल काहीही कळणार नाही.

पत्त्यापासून सुरुवात करू. 'बेलगाम' लिहायचं की 'बेळगावी'? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. तारीखही कशी नेमकी बघा. १९५६ साली याच तारखेला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला, म्हणून त्या दिवशी गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडं काळ्या दिनाची फेरी. तुम्ही जुनं स्पेलिंग लिहिलंत तर खिडकीतल्याच्या कपाळाला आठी पडते, नवं लिहिलंत तर गल्लीतल्या मंडळाच्या. यावर आमच्याकडच्या जाणत्या लोकांनी काढलेला तोडगा असा, की गावाचं नाव शक्यतो खरडल्यासारखं लिहावं आणि पुढं ५९०००१ ठळक काढावं. पिनकोडाला मातृभाषा नसते.

मग विषय. 'रिगार्डिंग' एकटं लिहू नका, फार पोरकं दिसतं. 'रिगार्डिंग अबाउट द रिक्वेस्ट फॉर' असं तिघांचं टोळकं पाठवा. मायन्याला 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' दोन्ही राहू द्यात. आत कोण बसलंय ते बघून यायला तुम्हाला कुणी सांगितलंय?

आता मुख्य वाक्य. 'मुख्य वाक्यं' म्हणत नाही मी. अर्जात एकच वाक्य असतं आणि ते संपत नाही. हे वाक्य तयार करायला कचेरीसमोर झेरॉक्स, टायपिंग, ई-स्टॅम्प अशी पाटी लावलेल्या दुकानात जा. (पाटीवरची साठ टक्के जागा कन्नडची हे २०२४ पासून कायद्यानं ठरलेलं आहे, त्यामुळं इंग्रजीलाही आता तिथं अंग चोरून बसावं लागतं. मराठी कुठं बसते ते विचारू नका.) दुकानात साधारण असं बोलणं होतं.

"काका, जरा भारीतलं इंग्लिश घाला की."

"भारीतलं म्हंजे? हंबली घालू काय?"

"हंबली तर घालाच, वर 'डू द नीडफुल' पण बघा की कुठं बसतंय काय."

आणि दहा मिनिटांत, तुमच्या डोळ्यांदेखत, हे जन्माला येतं: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय हंबली बेग टु स्टेट दॅट बीइंग अ रेसिडेंट ऑफ द अबोव्ह ॲड्रेस सिन्स लास्ट ट्वेंटी इयर्स, द गटर इज फुल्ली चोक्ड अप अँड आय ॲम सफरिंग फ्रॉम द सेम, देअरफोर काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

जरा थांबून या कारागिरीचं कौतुक करा. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाला 'बीइंग अ रेसिडेंट' असा कर्ता नसलेला तुकडा लावला की तो पुढं जे पहिलं नाम कर्ता म्हणून भेटेल त्याला जाऊन चिकटतो. इथं पहिलं भेटलं गटार. म्हणजे गेली वीस वर्षं या पत्त्यावर राहतंय ते गटार. तुमचा उल्लेख नंतर येतो, आणि तोही आजारी म्हणून, कारण 'सफरिंग फ्रॉम'च्या पुढं इंग्रज दुखणं लिहितो. तुम्हाला गटार झालेलं आहे. त्यातून इंग्रजाच्या घरी 'गटर' म्हटलं की आधी छपराच्या कडेची पन्हळ डोळ्यांपुढं येते; आपण ज्याच्या वासानं दारं लावून घेतो त्याला तो 'ड्रेन' म्हणतो. म्हणजे वीस वर्षं या पत्त्यावर राहणारी एक पन्हळ, शेजारी एक आजारी इसम, आणि दोघांच्या वतीनं 'नीडफुल'ची मागणी. नीडफुल म्हणजे जे काही आवश्यक असेल ते. आवश्यक काय ते कोण ठरवणार? ज्यानं करायचंय तोच. त्यानं तुमच्या अर्जाला भोक पाडून तो फायलीला लावला. झालं की नीडफुल.

याउलट काही आगाऊ लोक असं लिहितात: 'द ड्रेन इन फ्रंट ऑफ माय हाऊस हॅज बीन ब्लॉक्ड सिन्स ३ जून. डर्टी वॉटर इज एंटरिंग द हाऊस. प्लीज क्लीन द ड्रेन धिस वीक.' तीन वाक्यं. काय तुंबलंय, कुठं, कधीपासून, काय करायचं, कधीपर्यंत, सगळं त्यात आलंय. हे असलं चुकूनही लिहू नये. एक तर हे सातवीच्या पोराला कळतं, मग तुमच्या एमएचा उपयोग काय? दुसरं, असा अर्ज वाचल्यावर साहेबाला 'नक्की काय म्हणायचंय' असं म्हणून परत पाठवता येत नाही, म्हणजे तुम्ही एका सभ्य माणसाला कोंडीत पकडलंत. आणि तीन ओळींच्या कागदाला टायपिंगवाले काका पैसे तरी कोणत्या तोंडानं मागणार?

'अ' आणि 'द' यांच्याबद्दल आपल्या लोकांना उगाच न्यूनगंड आहे. मराठीत ही भानगड नाही, कन्नडमध्येही नाही, तेव्हा ते खिचडीत मिरी टाकतात तसे अंदाजानं टाकावेत. फरक काय पडतो? एवढाच, की 'रिपेअर द रोड' म्हटलं तर तुमच्या दारातला, वर सांगितलेला, तोच रस्ता दुरुस्त करावा लागतो. 'रिपेअर अ रोड' म्हटलं तर कुठलाही एक केला तरी मागणी पुरी होते. गावात कुठला तरी एक रस्ता नेहमी दुरुस्त होत असतोच. या हिशेबानं 'अ' लिहिणाऱ्यांचे अर्ज कधीचेच मंजूर झालेले आहेत, फक्त त्यांच्या गल्लीत नाहीत.

काळाचं प्रकरण मात्र सविस्तर समजून घ्या, कारण तो आपला हातखंडा विषय असायला हवा होता. शाळेत इंग्रजीचे बारा काळ घोकून घेतात. त्यातले अकरा विसरलात तरी सीमाभागात एक पुरतो: प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस. मागं कधीतरी सुरू झालेली आणि अजून चालूच असलेली क्रिया. 'द डिस्प्यूट हॅज बीन गोइंग ऑन सिन्स १९५६.' 'द सूट हॅज बीन वेटिंग सिन्स २००४', म्हणजे महाराष्ट्रानं या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा. 'सिन्स'च्या पुढं सुरुवातीचा क्षण येतो, साल, तारीख, वार. 'फॉर'च्या पुढं लोटलेला काळ. सिन्स १९५६, फॉर डेकेड्स. लंडनच्या पोराला हे समजवायला मास्तरला उदाहरणं शोधावी लागत असतील. निपाणी-खानापूरच्या पोराला घरात आजोबा दाखवले तरी भागतं. साध्या भूतकाळाचंही उदाहरण घरचंच आहे. हा सीमावाद सोडवायला महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्यानं अहवाल दिला, महाराष्ट्रानं तो नाकारला, कर्नाटकानं उचलून धरला. सगळी क्रियापदं पूर्ण झाली, काम तेवढं झालं नाही. राहता राहिला साधा भविष्यकाळ. तो निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव आहे: 'वुई विल.' त्या 'वुई'त नेमकं कोण कोण येतं ते सभेत उठून विचारू नये.

आणि एवढं घरचं शिक्षण असताना आपण लिहितो काय, तर 'आय ॲम फेसिंग धिस प्रॉब्लेम सिन्स लास्ट थ्री इयर्स'. 'ॲम फेसिंग' वाचून साहेबाला वाटतं, आत्ता कुठं तोंड द्यायला लागलाय, देऊ दे अजून थोडं. म्हणून सल्ला असा, की असंच लिहीत राहा. 'हॅव बीन फेसिंग' लिहिलंत तर तीन वर्षांचा हिशेब मागितल्यासारखं होतं, आणि हिशेब मागणारा माणूस कुठल्याच कार्यालयाला आवडत नाही.

यापुढची पायरी कर्मणी प्रयोगाची. इथं आपल्याला इंग्रजीकडून शिकण्यासारखं फारसं नाही. 'कळविण्यात येते', 'विचाराधीन ठेवण्यात आले आहे', 'समाविष्ट करण्यात आले' यांवर आपल्या पिढ्या वाढल्या. बेळगाव म्हैसूर राज्यात 'घालण्यात आले'. घातलं कुणी हे त्या वाक्यात शोधून दाखवा. इंग्रजीत हीच कला 'इट'वर चालते. कार्यालय लिहितं, 'इट हॅज बीन नोटेड.' नोंद झालेली आहे, करणारा कुणी नाही. तुम्हीही मागं राहू नका: 'इट इज रिक्वेस्टेड दॅट सूटेबल ॲक्शन मे बी टेकन.' विनंती करणारा वाक्यात नाही, कारवाई करणाराही नाही. ज्यानं विनंती केलेलीच नाही त्याच्यासाठी, ज्याच्यावर काम सोपवलेलंच नाही तो, काय म्हणून उन्हात जाऊन गटारात डोकावेल?

आता न्याय म्हणून एक खरी गोष्ट सांगतो, मग परत खोट्याकडं वळू. कर्मणी प्रयोग मुळात वाईट नाही. करणारा ठाऊक नसेल किंवा त्याचं काही महत्त्व नसेल तिथं तोच चपखल. 'माय सायकल वॉज स्टोलन' हे अगदी बरोबर इंग्रजी आहे, कारण चोरानं नाव सांगितलेलं नसतं. ते माहीत असून लिहायची छाती होत नसेल, तरी हेच वाक्य कामाला येतं.

शब्दांच्या निवडीबद्दल फार बोलत नाही; जड तो उत्तम, एवढं लक्षात ठेवा. 'बिकॉज' हा शब्द फाटक्या माणसाचा, तुम्ही 'ड्यू टु द फॅक्ट दॅट' लिहा. 'स्टार्ट' नको, 'कमेन्स' घ्या. 'रिव्हर्ट बॅक', 'रिटर्न बॅक', 'डिस्कस अबाउट' यांतला शेवटचा शब्द फुकट आहे म्हणून काढू नका. फुकटचं आपण कधी सोडलंय? पुण्याला किंवा बेंगळुरूला मुलाखतीला जाल तेव्हा 'मायसेल्फ अमुक अमुक' अशी सुरुवात करून, 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू' असं दणक्यात सांगा. समोरचा परदेशी असेल तर २०२२ साली तुम्ही बेशुद्ध पडलात एवढं त्याला कळेल आणि पाण्याचा ग्लास पुढं करेल. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रावर प्रशिक्षण पुरं केलेला जवान हेच वाक्य म्हणाला तर ते शंभर नंबरी बरोबर असतं, कारण सैन्यात तसंच म्हणतात. पण तो ते परेड करून कमावतो. तुम्ही बीकॉम केलंय.

आजकाल हे सगळं मोबाइल करून देतो म्हणतात. खरंच देतो. चुका काढतो, 'अ', 'द' जागच्या जागी बसवतो आणि वरती 'आय होप धिस लेटर फाइंड्स यू वेल' असं आपल्या मनानं चढवतो. तुंबलेल्या गटाराच्या तक्रारीत साहेबाच्या प्रकृतीची चौकशी आली की अर्जाला एक घरगुती ओलावा येतो. आधीच ओल आहे, त्यात आणखी थोडी.

शेवटी सही. 'डिअर सर'ला 'युवर्स फेथफुली' आणि नावानिशी हाक मारली असेल तर 'युवर्स सिन्सिअरली', ही तिकडची रीत. आपण 'युवर्स ओबीडियंटली' लिहावं, आणि 'युवर्स'मधल्या एसच्या डोक्यावर एक स्वल्पविराम टांगावा. तो तिथं कधीच नसतो, पण बघायला बरा दिसतो.

चार-सहा महिन्यांनी उत्तर येईल. ते कन्नडमध्ये असेल. वाचून घ्यायला पुन्हा काकांकडंच जावं लागेल, आणि वाचायचेही पैसे ते वेगळे घेतात. उत्तरात लिहिलेलं असेल की आपल्या अर्जावरून नेमकी जागा आणि मागणी यांचा बोध होत नसल्यामुळं खुलासेवार अर्ज सादर करण्यात यावा. घाबरू नका. नवा कागद घ्या आणि 'विथ रेफरन्स टु द अबोव्ह'नं सुरुवात करा. वर काहीच लिहिलेलं नसलं तरी चालतं.