मातोश्रींच्या वेदनांबाबत आपण नोंदवलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री आपल्या मातोश्रींनी तासाभरात वीसेक वेळा वेदनाशामक पंपाचे बटण दाबूनही आराम पडला नाही, आपण बटण दाबू लागताच सिस्टरांनी अडवले, तक्त्यावर वेदना १० पैकी ३ लिहिली होती आणि भूलतज्ज्ञ दीड तासाने आले. म्हणजे आमचा वेदना विभाग नुसता पाटीपुरता आहे, असे आपण लिहिले आहे. रुग्णाची कागदपत्रे जाहीरपणे उघडणे योग्य नसल्याने मी आपण मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच लिहितो.

दीड तास ही आमचीच चूक आहे आणि त्याबद्दल मी आपल्या दोघांचीही क्षमा मागतो. पायाला दिलेल्या ब्लॉकचा, म्हणजे पायाच्या मज्जातंतूंना बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा, परिणाम काही तासांनी, आणि पुष्कळदा नेमका रात्री, ओसरतो व दबलेली वेदना एकदम उसळते. पंपातून एका दाबाला १ मिलिग्रॅम मॉर्फिन मिळते, पुढची १० मिनिटे तो कितीही दाबला तरी काही देत नाही. त्यामुळे तासाभरात साधारण सहाच मात्रा मिळतात आणि बाकीच्या दाबांची फक्त नोंद होते. आटोक्यात असलेली वेदना तशीच ठेवायला एवढे पुरते, उसळलेली वेदना उतरवायला मात्र डॉक्टरांनी खाटेशी उभे राहून, श्वासावर लक्ष ठेवत, शिरेतून थोडे थोडे औषध द्यावे लागते. किती मात्रा मागितल्या आणि किती मिळाल्या, हे दोन्ही आकडे पंप दाखवतो, आणि त्यांतले अंतर हीच खरी हाक असते. ती त्या रात्री वेळेत ऐकली गेली नाही. तक्त्यावरच्या ३ चेही तसेच: स्वस्थ पडलेल्या रुग्णाला विचारले की ३, कूस बदलताना विचारले की ८, आणि शस्त्रक्रियेनंतर महत्त्वाचा असतो तो दुसरा आकडा.

बटणाच्या बाबतीत मात्र मी सिस्टरांच्या बाजूने आहे. त्यांचा सूर तुटक असेल तर तो सुधारायला हवा, पण अडवणे योग्यच होते. मॉर्फिन जास्त झाले की आधी गुंगी येते आणि मग श्वास मंदावतो. गुंगीतला रुग्ण स्वतः बटण दाबत नाही, हेच त्या पंपाचे मोठे संरक्षण आहे. झोपलेल्या माणसासाठी दुसऱ्याने, मग तो मुलगा असो वा डॉक्टर, मायेपोटी बटण दाबले की ते संरक्षण संपते.

यापुढे ब्लॉक ओसरण्याची वाट न पाहता पॅरासिटामॉलसारखी औषधे घड्याळाप्रमाणे आधीच सुरू होतील, नाडी-रक्तदाबाबरोबर पंपाचे दोन्ही आकडे लिहिले जातील आणि पाळीवरचे भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत अडकले असल्यास कोणाला बोलवायचे, त्यांचे नाव रोज संध्याकाळी वॉर्डात लावले जाईल. मातोश्रींची संमती असल्यास त्या रात्रीची पंपाची नोंद आपल्याला समक्ष दाखवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
संचालक