कॉर्नरो जितके घट्ट तितके चांगले? अजिबात नाही

कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून ओळींत घातलेल्या बारीक वेण्या, यांबद्दलचा एक मजकूर सध्या फोनवरून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केस ओले करून जमेल तितक्या घट्ट वेण्या घाला, सागरवेणी येत असेल तर वेगळं काही शिकायला नको, चार-सहा महिने सोडू नका आणि धुऊही नका, केस दुप्पट वेगाने वाढतात, लहान मुली पहिले दोन दिवस रडतातच, तिकडे लक्ष देऊ नका. मी बरीच वर्षं या वेण्या घालते आहे. यातलं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि शेवटचं वाक्य तर मला वाचवेना.

आधी वाढीचं बोलू. केस वाढतो मुळाशी, महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर. वर वेणी आहे की केस मोकळे आहेत, याने त्या वेगात फरक पडत नाही. फरक पडतो टोकांना. रोजचं विंचरणं आणि घासणं थांबलं की टोकं कमी तुटतात, लांबी टिकते. हा फायदा खरा आहे, पण तो घट्टपणामुळे मिळत नाही.

सागरवेणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दोन्हींत तीन पेड, दोन्हींत प्रत्येक वळणाला टाळूवरचे नवे केस सामील करायचे. पण सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून जातो, कॉर्नरोत खालून. म्हणून तर ती डोक्यावर दोरीसारखी उठून दिसते. सागरवेणीची सवय असलेला हात पहिल्या काही वळणांत हमखास चुकतो. शिवाय इथे बोटं टाळूला टेकलेलीच ठेवावी लागतात. केस वर उचलून विणले की वेणी पोकळ होते, आणि मग ती खेचून बसवायचा मोह होतो. सगळं बिघडतं ते इथे.

पकड खेचण्यातून येत नाही. ती येते सरळ भांगातून, सारख्या जाडीच्या पेडांतून आणि दर वळणाला घेतलेल्या बारीक बटेतून. ही कला आफ्रिकेतली. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत पोचली. तिथे तिला मक्याच्या शेतातल्या ओळींवरून नाव पडलं, कॅरिबियन बेटांवर उसावरून केनरो. नावातच ओळ आहे, ताण नाही. मी शेपटीच्या (लांब टोकदार दांडीच्या) कंगव्याने भांग पाडायलाच सगळ्यात जास्त वेळ घेते. कपाळापाशी अगदी थोडे केस धरते आणि पहिली तीन-चार वळणं नुसती बसवते, ओढत नाही, कारण कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक असतात.

विणून झाल्यावर भुवया वर करून पाहा. कातडी ओढली जात असेल, वेणीच्या मुळाशी ती तंबूसारखी उचलली गेली असेल किंवा बारीक पुटकुळ्या आल्या असतील, तर वेणी सोडा. सततच्या ओढीने केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. १९०७ मध्ये तिचं वर्णन झालं ते ग्रीनलंडमध्ये, केस घट्ट ओढून बांधणाऱ्या बायकांवरून. म्हणजे दोष केसांच्या जातीचा नाही, ओढीचा आहे. वेळीच ओढ थांबली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालली तर मुळाच्या जागी व्रण राहतो, तिथे पुन्हा केस उगवत नाही.

ओल्या केसांचंही तेच. ओला केस ताणला जातो आणि कमजोरही असतो. वाळताना तो आखडतो, त्यामुळे विणताना ठीक वाटलेली वेणी काही तासांनी काचू लागते.

न धुण्याबद्दल एवढंच: शाम्पू पाण्यात पातळ करून बोटांनी भांगांमध्ये लावा, धुवा, आणि मुळापर्यंत नीट वाळवा. वेण्या थोड्या विस्कटतील, विस्कटू द्या.

चार-सहा महिने मात्र फार झाले. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. वेणीत ते अडकून राहतात. सहा आठवड्यांत असे दोन ते चार हजार केस साठतात, म्हणून वेणी सोडल्यावर हातात पुंजका येतो आणि लोक घाबरतात. त्याहून जास्त काळ ठेवलं की मुळाशी त्यांचा गुंता होतो, आणि तो सोडवताना चांगले केसही तुटतात. मी सहा आठवड्यांपुढे जाऊ देत नाही, आणि पुन्हा घालण्याआधी काही आठवडे केस मोकळे ठेवायला सांगते.

राहिलं मुलींचं रडणं. एका सात वर्षांच्या मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. आदल्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी वेण्या घातल्या होत्या आणि पोर रात्रभर उशीला डोकं टेकवू शकली नव्हती. कानशिलाजवळ ओळीने लाल ठिपके होते. मी फक्त पुढच्या चार वेण्या सोडल्या. ती काही बोलली नाही. आईच्या मांडीवर आडवी झाली आणि मी मागचं आवरेपर्यंत झोपून गेली होती.