गरिबी डोक्यातून येते म्हणे!

गेला आठवडाभर इस्लामपूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘संशोधनाने सिद्ध : ज्याचा आयक्यू (बुद्ध्यांक) जास्त, त्याचेच पैशाचे निर्णय ठाम आणि बरोबर. गरीब गरीब राहतो तो डोक्यामुळे. घरचा व्यवहार जास्त मार्कवाल्याच्या हाती द्या.’ खाली चाचणीची लिंक. आमचे चुलते आण्णा, उभा जन्म उसात गेला, त्यांनी हे वाचून सोसायटीचं पासबुक इंजिनिअर पुतण्याकडे देऊन टाकलं! म्हणून लिहावं लागतंय.

खरं आहे तेवढं मान्य करतो. चोई, करीव, म्युलर आणि सिल्व्हरमन यांचा 2014 चा अभ्यास आहे. नेदरलँड्समधल्या हजाराहून जास्त लोकांना पैशाच्या 25 निवडी करायला लावल्या. शिकलेल्या, चांगल्या कमाईच्या लोकांमध्ये प्रत्येकाच्या स्वतःच्या निवडी एकमेकींशी जास्त जुळल्या. पण ‘जुळल्या’ म्हणजे ‘बरोबर ठरल्या’ नव्हे. दरवेळी सगळे पैसे लॉटरीत घालणाराही सुसंगतच असतो. शिवाय शिक्षण आणि उत्पन्न सारखं धरलं तरी निवडी जुळणाऱ्यांची संपत्ती जास्तच दिसली. म्हणजे मार्कशीट बघून हे कळत नाही.

आता ते ‘डोक्यामुळे गरीब’. सैद्धांतिक वाद राहू द्या, 2013 साली ‘सायन्स’मध्ये आलेला मणी, मुल्लइनाथन, शफीर आणि झाओ यांचा अभ्यास बघा. तमिळनाडूतले 464 शेतकरी, तेही ऊसवाले. तोडीआधी हात आखडलेला असताना बुद्धीच्या चाचणीत त्यांच्या चुका जास्त झाल्या. तोडीनंतर पैसा आल्यावर त्याच माणसांनी तीच कामं जास्त बरी केली. डोकं तेच, खिसा बदलला! अमेरिकेत पगाराच्या आधी-नंतर तपासलं तेव्हा असा फरक दिसला नाही, हेही खरं. पण पगार महिन्याभरात येतो. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात आणि तोड जवळपास दीड वर्षाने. तोवर खत, पाणीपट्टी, पोरांची फी, सोसायटीचा हप्ता. त्यात ऊसतोडीची टोळी वेळेवर येत नाही आणि रानात वजन घटत राहतं. अशा वेळी कुणी दागिने गहाण टाकले तर तो काय आयक्यू कमी म्हणून? कारखान्याला ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायची आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असा कायदा आहे. शेतकऱ्याची बुद्धी मोजण्याआधी त्याचं बिल जमा झालं का ते विचारा.

मार्कवाल्यांच्या हाती व्यवहार? मर्टन आणि शोल्स यांना 1997 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा गुंतवणूक फंड 1998 मध्ये कोसळला आणि न्यूयॉर्क फेडला (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेला) मोठ्या बँका एकत्र बसवून तो सावरावा लागला.

राहिली लिंक. ती आधी मोबाइल नंबर मागते आणि मग बँकेचं नाव. तिथं काही भरू नका.