विंगेतली कुजबुज लूपवर गेली, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण पहिल्या मुद्द्यात चूक माझीच आहे. लूप म्हणजे हॉलमध्ये तार टाकून माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी सोय. तिच्या ॲम्प्लिफायरला मिक्सरचा ऑक्स (मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं आउटपुट) द्या आणि तो प्री-फेडर (माइकची आवाजपट्टी, म्हणजे फेडर, खाली-वर केली तरी न बदलणारा) ठेवा, असं मी लेखात छातीठोकपणे लिहिलं होतं. तुमच्या साऊंडवाल्याने ते ऐकलं आणि नायिकेचा फेडर खाली असतानाही तिची विंगेतली कुजबुज, श्रवणयंत्र ‘टी’वर (लूप ऐकायच्या सेटिंगवर) ठेवून बसलेल्या आजोबांनी शब्दन् शब्द ऐकली. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर व्याख्यानाचं सभागृह होतं. तिथे माइक शिट्टी मारू लागला की फेडर खाली येतो. त्यापायी लूपवाल्यांचा आवाज का पडावा, म्हणून प्री. कॉलर माइकच्या नाटकात पोस्ट-फेडरच (फेडरबरोबर कमी-जास्त होणारा) हवा. लेखात दुरुस्ती केली आहे. (काही मिक्सरवर म्यूट दाबला की प्री-फेडर ऑक्सही बंद होतो, सगळ्यांवर नाही. तालमीत बघून घ्या.)

पण त्यावर तुम्ही काढलेला तोडगा मला पटत नाही. मिक्सरच्या हेडफोनच्या जॅकमधून लूपला वायर नेली आणि कटकट मिटली, म्हणता. त्या जॅकमधून साऊंडवाला जे ऐकतो तेच बाहेर येतं. त्याने एखादा माइक तपासायला पीएफएल (तो एकच माइक हेडफोनवर ऐकवणारं बटण) दाबला, की लूपवाल्यांना तेवढा एकच माइक. बाकीचं नाटक गुल. कानाला मोठं लागलं म्हणून त्याने हेडफोनचं बटण मागे फिरवलं, की इकडे आजोबांचा आवाज बसला. आणि त्याला पत्ताही लागत नाही, कारण हॉलमधले स्पीकर ठणठणीत चालू असतात.

लूपवर घूं आवाज येऊ नये म्हणून मिक्सर आणि लूपच्या ॲम्प्लिफायरच्या मधे बसवायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोघांमधला तारेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे सोडणारा) हा तुम्ही म्हणता तसा ‘उगाच खर्च’ आहे की नाही, ते फुकटात कळेल. लूपचा ॲम्प्लिफायर बंद करा आणि यंत्र ‘टी’वर ठेवून ऐका. तरीही घूं येत असेल तर ती इमारतीच्या वायरिंगची, ५० हर्ट्झची. तिथे ट्रान्सफॉर्मरचा काही उपयोग नाही, तुमचे पैसे वाचले. ॲम्प्लिफायर चालू करून मिक्सरची वायर खोचल्यावरच घूं सुरू होत असेल, तर दोन सॉकेटचं अर्थिंग त्या वायरमधून जुळलं असणार आणि ट्रान्सफॉर्मर तिथेच कामाला येतो. त्याऐवजी प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला हात लावू देऊ नका. शॉक लागू शकतो.

पुढच्या प्रयोगाला ऑक्स पोस्टवर घ्या, लूपचा एक रिसीव्हर घेऊन कुणाला तरी आजोबांच्या शेजारी बसवा आणि काय ऐकू आलं ते इथेच कळवा.