बंदी कुणी घातली?

माझी आजी उधाणाच्या सुकतीला, म्हणजे मोठ्या ओहोटीला, कोयती घेऊन कालवं काढायला जायची. वाकून खडकावर नेमकं बोट ठेवायची, कोयतीचा एक हलका घाव, की कालव मोकळं. एका खडकावर मात्र ती लागोपाठ दोनदा जायची नाही. विचारलं तर म्हणायची, "वाढू दे की जरा."

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या आंदावादोआका गावाबद्दल वाचताना आजीचं हे वाक्य सारखं डोक्यात होतं. तिथले वेझो लोक समुद्रावरच जगतात. मोठ्या ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडले की बायका टोकदार काठी घेऊन निघतात, बिळाबिळात टोचून ऑक्टोपस बाहेर ओढतात. २००० नंतर निर्यातीचे खरेदीदार आले आणि या धंद्यावर सगळ्यांचीच नजर गेली. तेव्हा गावानं, ब्लू व्हेंचर्स या संस्थेच्या साथीनं, नोव्हेंबर २००४ मध्ये एकच खडक बंद केला. साधारण सात महिने. बाकीचे खडक खुलेच होते, म्हणून कुणाची चूल विझली नाही. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हेच.

ऑक्टोपसचं आयुष्य जेमतेम वर्ष-दीड वर्षाचं, पण लहानपणी तो झपाट्यानं वाढतो. दोन-तीन महिने थांबलात तरी तोच जीव कितीतरी वजनदार होऊन हाती लागतो. फळ इतक्या लवकर दिसतं म्हणून माणसांचा विश्वास बसतो. पहिल्यांदा खडक खुला झाला तेव्हा आजूबाजूच्या गावांतूनही माणसं लोटली. राखलं एकानं आणि नेलं सगळ्यांनी, असं झालं की पुढच्या वेळी कोण राखणार? म्हणून गावं एकत्र बसली. तिथं 'दीना' नावाची जुनी पद्धत आहे. गावानं मिळून नियम करायचे, मोडणाऱ्याला दंडही गावानंच करायचा. २००६ पर्यंत पंचवीसेक गावांचं मिळून 'वेलोंद्रियाके' उभं राहिलं. नावाचा अर्थ समुद्रासोबत जगणं. ऑक्टोपसनं धीर दिला, मग काही जागा कायमच्या बंद करण्यापर्यंत ही माणसं गेली.

आपल्याकडेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. ती हवीच, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण वरून आलेली तारीख पाळणं वेगळं आणि आपला खडक आपण बंद करून त्यावर पहारा देणं वेगळं.

नामिबियातही आंदावादोआकासारखं, राखण गावांनीच केली. १९८० च्या दशकात दुष्काळानं आणि शिकारीनं वायव्येकडचे हत्ती-गेंडे संपत आले होते. वन्यजीव राखण्यासाठी झटणारे गार्थ ओवेन-स्मिथ यांनी बंदूकधारी फौज मागितली नाही, ते गावप्रमुखांकडे गेले. त्या प्रमुखांनी आपल्याच माणसांतून राखणदार नेमले. प्राण्यांच्या वाटा ज्यांना पाठ होत्या अशी ही माणसं. १९९६ मध्ये कायदा बदलला, १९९८ मध्ये पहिली चार सामुदायिक संरक्षण क्षेत्रं झाली आणि आज ती ८६ आहेत, देशाच्या सुमारे एक पंचमांश जमिनीवर. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत उतरलेले आठ चित्ते याच देशातून आले. आपण विमान पाहिलं, पिंजरे पाहिले. पण नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यांच्या बाहेर, गुरं चारणाऱ्यांच्या आणि शेतमालकांच्या जमिनीवर राहतात, हे त्या दिवशी कितीजणांनी सांगितलं? चित्ता टिकवायचा तर शेळी गेलेल्या माणसाशी आधी बोलावं लागतं.

याच्या उलट टांझानियातलं लोलियोंदो. जून २०२२ मध्ये सुमारे १५०० चौरस किलोमीटर चराईची जमीन राखीव करायला पोलीस आले, तिथले गुरं पाळणारे मासाई लोक विरोधात उभे राहिले, गोळ्या चालल्या, कित्येक कुटुंबं सीमा ओलांडून केनियात पळाली. वासरांसाठी आणि आजारी गुरांसाठी घराजवळचं कुरण राखून ठेवणारी ही माणसं. त्यांना निसर्गाचे शत्रू ठरवणं मला अन्याय वाटतो. साफ अन्याय.

आता केनियाच्या गाझी खाडीकडे. तिथं जे झाड राखलंय ते आपल्या खारफुटीतलं कांदळ आहे, अगदी तीच जात. त्याच्या लांब हिरव्या शेंगा लहानपणी आम्ही भाल्यासारख्या चिखलात फेकायचो. ती झाडावरच रुजलेली रोपं असतात, हे फार उशिरा कळलं. गाझीत बांधकामासाठी कांदळ वारेमाप तोडलं गेलं होतं. २०१३ पासून 'मिकोको पामोजा', म्हणजे खारफुटी सगळ्यांनी मिळून, या नावानं गाझी आणि माकोंगेनीचे लोक ११७ हेक्टर राखतात, नवी रोपं लावतात आणि त्यात साठलेल्या कार्बनची क्रेडिट्स, म्हणजे धूर सोडणाऱ्या कंपन्या भरपाई म्हणून घेतात ती प्रमाणपत्रं, विकतात. दूरच्या कंपनीनं पैसे मोजले म्हणून तिचा धूर माफ होत नाही, हे माझं मत पक्कं आहे. पण आलेल्या पैशातून पाण्याची सोय आधी करायची की शाळेची पुस्तकं, हे तिथले गावकरी बसून ठरवतात, आणि यासाठी मला त्या गावांबद्दल मनापासून आदर आहे.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, टांझानियाच्या हद्दीजवळ वांगा आहे. गाझीचं पाहून वांगा आणि शेजारच्या गावांनीही आता आपली खारफुटी राखायला घेतलीय.