प्रतिक्रियेला उत्तर : ताना मोजण्याची चूक आणि कान पकडण्याचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

‘गाजलेले रॉक गिटारवादक : नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. जिमी हेंड्रिक्स, लेड झेपेलिन या बँडचा जिमी पेज, एरिक क्लॅप्टन आणि एडी व्हॅन हेलन या गिटारवादकांची कीर्ती वादनाच्या मानाने फुगलेली आहे, कारण त्यांनी वाजवलेले आज कॉलेजातली मुलेही अधिक सफाईने वाजवतात, असे मी त्यात म्हटले होते. आपला पहिला आक्षेप असा, की अल्लादियाँ खाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून मी बोटांचा वेग मोजत बसलो, म्हणजे ताना मोजून गवई ठरवला. दुसरा असा, की त्या काळच्या कानांनी मी त्यांना ऐकलेच नाही. शेवटी आपण विचारलेत, की एवढे सगळे ओव्हररेटेड असतील तर एकाचे नाव घ्या आणि कारण सांगा. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा बराचसा. नाव शेवटी घेतो, आणि ते आपल्याला आवडेलच असे नाही.

खाँसाहेबांचा दाखला वर्मी लागला. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या गवयाचे (१८५५–१९४६) गाणे आज आपल्याला ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळत नाही, तरी त्यांच्या थोरवीविषयी कोणी शंका घेत नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि भुर्जीखाँ या त्यांच्या शिष्यांच्या गाण्याने तिची साक्ष दिलेली आहे. भरात असताना आवाज बिघडला, तेव्हा उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असणार. एखाद्याने किती वाजवले यापेक्षा त्याच्यानंतर संगीत कुठे गेले, ही कसोटी मी आपल्या गवयांना बिनदिक्कत लावत आलो आणि गिटारवाल्यांच्या बाबतीत मात्र हातात स्टॉपवॉच घेतले.

व्हॅन हेलनपुरते बोलायचे, तर १९७८ च्या पहिल्या अल्बममधला त्याचा ‘इरप्शन’ हा जेमतेम पावणेदोन मिनिटांचा तुकडा आज यूट्यूबवर हळू करून पाहता येतो, कोणते बोट कोणत्या फ्रेटवर (पडद्यावर) पडते हे लिहिलेले मिळते, आणि चुणचुणीत मुलगा काही महिन्यांच्या रियाजानंतर तो वाजवतो. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले असताना गणित सुटले म्हणून गणित घालणारा लहान होत नाही, एवढे माझ्या ध्यानात यायला हवे होते. दोन्ही हातांच्या बोटांनी फ्रेटबोर्डवर स्वर काढण्याची ती तऱ्हा मुळात त्याची होती असेही नाही. जेनेसिस या बँडचा स्टीव्ह हॅकेट ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच वापरत होता. मला आता अधिक कौतुक वाटते ते व्हॅन हेलनच्या गिटारचे. स्वस्तातली बॉडी, सुटी विकत घेतलेली नेक आणि भलत्याच गिटारमधून काढलेला पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) असे जोडून त्याने ती स्वतः उभी केली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या फिटरने तिच्याकडे पाहून समाधानाने मान डोलावली असती.

त्या काळच्या कानांचा, म्हणजे गिटारच्या आवाजाचा मुद्दा मात्र असा दोन वाक्यांत निपटण्याजोगा नाही. नव्वदच्या दशकात राजारामपुरीतल्या एका खोलीवर आम्ही तिघे मित्र कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली ही गाणी ऐकत असू. हेंड्रिक्सची गिटार पहिल्यांदा कानावर पडली तेव्हा टेपचे हेड खराब झाले असे समजून आम्ही स्पिरिटचा बोळा फिरवला, कॅसेट पुन्हा लावली, आणि तोच फाटका आवाज पुन्हा आला. पुढे त्या आवाजाची इतकी सवय झाली, की तो कोणीतरी घडवलेला आहे हेच विसरून मी बोटांकडे पाहू लागलो. आपली प्रतिक्रिया आली त्याच आठवड्यात घरच्या तानपुऱ्याची जवारी करून घ्यायला मिरजेला गेलो होतो. कारागीर घोडीचा माथा कानसीने घासत होता, तार छेडून ऐकत होता, तारेखालचा दोरा केसभर सरकवत होता, आणि मघापर्यंत मुका वाटणारा स्वर एकाएकी उघडून त्यातून वरचे स्वर झणझणू लागले. तार घोडीच्या उताराला घासत राहते म्हणून हे घडते. काटेकोर पाहिले तर तो तारेच्या कंपनात मुद्दाम आणलेला अडथळाच आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर चालवला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरावर असेच उपस्वर उगवतात. शिवाय मोठ्या आणि बारीक आवाजातले अंतर घटल्यामुळे स्वर लवकर विझत नाही, त्याला मींडेसारखे ओढता येते. कारणे निराळी, पण कानाला मिळणारा ऐवज एकाच जातीचा. ज्या कलेला मी बोटांची समजून गुण देत होतो, ती मुख्यतः जवारीची कला होती.

हेंड्रिक्सविषयीचे माझे मत त्यामुळे बदलले आहे. स्पीकरमधला आवाज तारांना हलवतो, पिकअप ते कंपन पुन्हा ॲम्प्लिफायरकडे पाठवतो आणि चक्र चालू राहते. सभागृहात अशी शिट्टी वाजली की आपण साउंडवाल्याकडे रागाने पाहतो. हेंड्रिक्सने ॲम्प्लिफायरपासूनचे अंतर आणि गिटारचा कोन बदलत ती शिट्टी सुरात आणली. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. त्यात बोटांचा हिशेब मांडून फारसे काही हाती लागत नाही, पण चालीच्या मधोमध विमाने आणि बॉम्ब ऐकू येतात. १९६७ चा पहिला अल्बम ते सप्टेंबर १९७० मधला मृत्यू, एवढ्या चार वर्षांहून कमी काळात त्याने हे केले. त्याच्याआधी वाट पाडणारे होतेच : आवाज फाटावा म्हणून लिंक रे या गिटारवादकाने १९५८ च्या सुमारास स्पीकरला भोके पाडली होती आणि किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला होता. हेंड्रिक्सला वरच्या सप्तकाचा स्वर जोडून देणारे यंत्र बनवले ते रॉजर मेयर या तंत्रज्ञाने. पण मिरजेच्या कारागिराने तानपुरा केला म्हणून गाणे त्याचे होत नाही, तसेच हे आहे.

येथपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे. पुढे मात्र मला आपल्याच दाखल्याचा आधार घेऊन थांबावे लागते. आपल्याकडे गवई उस्तादांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. रॉकच्या कीर्तीत मला खटकते ते हा हात कानापर्यंत न जाणे. पेजच्या लेड झेपेलिनने १९६९ मध्ये गाजवलेल्या ‘होल लॉटा लव्ह’मधले शब्द विली डिक्सन या ब्लूज गीतकारांच्या गाण्यावरून आले होते, त्यांना १९८५ मध्ये दावा लावावा लागला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि मग त्यांचे नाव लागले. सगळेच असे वागले नाहीत. रोलिंग स्टोन्सनी १९६५ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आपल्या बरोबरीने हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकांना गायला लावले, तेही स्वतः त्यांच्या पायाशी बसून. पण आमच्या त्या उतरवलेल्या कॅसेटींवर बॉलपेनने गाण्याचे आणि बँडचे नाव लिहिलेले असे. गीतकार-संगीतकार कोण, हे विचारायचेही आम्हाला कधी सुचले नाही. त्या अज्ञानात मीही या कीर्तीला फुंकर घातली आहे.

क्रमवारीच्या याद्यांनी हाच घोटाळा पक्का केला. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या २००३ च्या शंभर गिटारवादकांत सिस्टर रोझेटा थार्प हे नावच नव्हते. २०२३ च्या यादीत त्या सहाव्या आहेत. थार्पबाई १९७३ मध्ये वारल्या. मधल्या वीस वर्षांत त्यांच्या बोटांत काही फरक पडला नव्हता. यादी करणाऱ्यांनी १९६४ मधले मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकातले त्यांचे वादन उशिरा पाहिले असावे. आपण म्हणता तसे त्या काळच्या कानांनी ऐकायचे, तर त्या काळी चर्चमधली भक्तिगीते इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणाऱ्या या बाईंना ऐकूनच पुढची पिढी तयार होत होती, हेही ऐकावे लागेल.

आता नाव. मी एरिक क्लॅप्टन यांचे घेतो. १९६६ मध्ये जॉन मायॉल या ब्लूज संगीतकारांबरोबरच्या अल्बमसाठी त्यांनी लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडली आणि स्टुडिओत आवाज कमी करायला नकार दिला. त्यातून जो भरदार स्वर निघाला तो पुढे हजारोंनी उचलला, आणि त्याचे श्रेय मी कमी करत नाही. त्याच सुमारास लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन हा देव आहे’ असे रंगवले गेले, आणि त्या दोन-चार वर्षांच्या कामाचे व्याज पुढची कित्येक दशके वसूल होत राहिले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश तीनदा झाला : १९९२ मध्ये यार्डबर्ड्स आणि १९९३ मध्ये क्रीम या आपल्या बँडांबरोबर आणि २००० मध्ये एकट्याच्या नावाने. थार्पबाईंना तिथे जागा मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. क्लॅप्टन यांनी जुन्या पिढीतले ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांचे नाव सतत आदराने घेतले आहे, म्हणजे कानाला हात लावला आहे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्यांच्या वागण्याविषयी नसून त्यांच्या कीर्तीच्या आकाराविषयी आहे.

पेजबद्दल एक दुरुस्ती. मंचावरचा त्याचा हात कित्येकदा ढिसाळ पडतो हे मी आजही म्हणेन, पण निर्माता म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी माईक वाद्यापासून लांब ठेवून खोलीचा घुमारा पकडण्याची त्याची समज मी लेखात विचारातच घेतली नव्हती.

मूळ लेखातले हेंड्रिक्स आणि व्हॅन हेलन यांच्यावरचे परिच्छेद मी काढून टाकलेले नाहीत. आपल्या आक्षेपासह ही दुरुस्ती त्यांच्याखाली जोडली आहे. शीर्षकातली म्हण काढली आहे. क्लॅप्टनवरचा परिच्छेद होता तसाच ठेवला आहे.